पाणी पाजणारे नाना

१३ जानेवारी २०२३ रोजी 'गंगा विलास' ही पर्यटकांची बोट वाराणसीहून निघाली. ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर, मधे बांगलादेश आणि शेवटचा मुक्काम आसामातलं दिब्रुगढ. बोटीवर खोल्या १८, सोय ३६ प्रवाशांची. त्या दिवशी रायपूरच्या आमच्या गोतावळ्यात एकच विषय होता, तिकिटाचा. एवढ्या पैशात दुर्गला फ्लॅट येतो, असं एकाचं म्हणणं. एवढ्या पैशात मुलीचं लग्न होतं, असं दुसऱ्याचं. नाना मात्र पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने गुणाकार करत होते.

"छत्तीस माणसं, एक्कावन्न दिवस, माणशी अडीच लिटर," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "चार हजार पाचशे नव्वद लिटर झाले. नुसतं प्यायचं. अंघोळीचं नाही धरलं मी. ठेवलं कुठे असेल हो त्यांनी?"

नाना म्हणजे हा प्रश्न पडणारा माणूस. ताजमहाल बघायला नेलं तर ते आधी प्याऊ कुठे आहे ते बघतील. लग्नाच्या मांडवात नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना हे नवऱ्या मुलाच्या कानाशी लागलेले असतात: "सकाळपासून काही प्यायला का?"

रायपुरात मराठी माणसाचा पत्ता विचारला की उत्तर बहुधा तात्यापारा, बूढापारा नाहीतर चौबे कॉलनी असं येतं. नाना राहतात रुळांच्या पलीकडे, गुढियारीत. ठोक बाजार, गोदामं, पोत्यांनी वाकलेले ट्रक, ती पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढणारे हमाल आणि पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला भरणारा अंडरब्रिज. डब्ल्यूआरएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात, नानांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर मुलगा म्हणाला, शहरात चला. नाना म्हणाले, "इथले हमाल पाणी कोणाकडे पितील मग?"

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोनच चित्रं आहेत. एक शेगावच्या गजानन महाराजांचं. अकोलीच्या कोरड्या विहिरीला महाराजांनी पाणी आणलं, ही नानांच्या लेखी त्यांची सर्वात मोठी लीला. बाकीच्या ते भक्तिभावाने पण घाईने सांगतात. दुसरं म्हणजे पेपरमधून कापून फ्रेम केलेला डॉ. दिलीप महालनबीस यांचा फोटो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा या डॉक्टरांनी मीठ, साखर आणि पाणी पिंपात कालवून लोकांना प्यायला दिलं आणि हजारो जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, त्या दिवशी नानांनी गल्लीत पेढे वाटले. पेढ्यावर एकेक ग्लास पाणीही.

या चित्रांखालच्या शोकेसमध्ये सेवानिवृत्तीचं घड्याळ आहे आणि त्याच्या शेजारी एक छोटी काचेची बाटली. बाटलीत नानांचा मुतखडा. नवा पाहुणा "हे काय?" म्हणून विचारतो आणि फसतो. ऐन मे महिन्यात, नवतपा म्हणजे उन्हाचे नऊ कडक दिवस सुरू असताना नानांना कळा आल्या. खडा पडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा खडा नको असेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, त्या हिशोबाने पाणी प्या. सल्ला बरोबरच होता. फक्त तो नानांना दिलेला होता. नानांनी तो सबंध मानवजातीला दिलाय असं समजून अंमलबजावणीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली.

माझा एक भाचा फार्मसी शिकलेला आहे. त्याने एकदा नानांना अडवलं. आठ ग्लासांचा नियम आला कुठून, हे त्याने वाचून काढलं होतं. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने लिहिलं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. तिथेच पुढे असंही लिहिलं होतं की यातलं बरंचसं रोजच्या अन्नातूनच मिळतं. जगाने आधीचं पाठ केलं, पुढचं सोडून दिलं. पुढे २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन नावाच्या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ ग्लासांना शास्त्रीय आधार शोधला. निरोगी, बैठं काम करणाऱ्या माणसांसाठी तरी त्याला तो सापडला नाही.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या साहेबाला म्हणावं, मे महिन्यात एकदा गुढियारीत ये."

भाचा गप्प झाला. पंचेचाळीस अंशाला टेकलेल्या रायपुरात अमेरिकेचा निष्कर्ष सांगायला धीर लागतो.

पण नानांना खरं शिक्षण दिलं ते हमालांनी. दर अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, नाना दारात नव्या करसीत पाणी भरून ठेवतात. करसी म्हणजे इकडचा माठ. त्यात वाळ्याची जुडी, वर ओलं फडकं आणि शेजारी स्वतः नाना. पोती उतरवून आलेला माणूस दोन ग्लास पिऊन निघाला की नाना त्याला तिसरा देत. एका म्हाताऱ्या हमालाने एकदा तो हाताने बाजूला केला. "बासी खा के आए हन बाबूजी," तो म्हणाला. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी ते आंबूस पाणी आणि मीठ, कांद्यासकट ओरपायचं, आणि मग पोती उचलायची. ताज्या भातात पाणी घातलं की बोरे, रात्रभर राहिलं की बासी. पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच वाडग्यात. महालनबीसांनी पिंपात जे कालवलं, त्याचा हा घरगुती चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. २०२२ मध्ये छत्तीसगड सरकारने १ मे रोजी बोरे-बासी खाण्याचा दिवस साजरा करायला सुरुवात केली, तेव्हा नाना म्हणाले, "सरकारला माझ्यानंतर कळलं." नानांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र घरात रोज सकाळी आंबलेला भात कालवायला लागला. त्या म्हणतात, "मुतखडा परवडला असता."

असे हे नाना आमच्यासोबत काशीला आले.

होळी होऊन गेली होती. चार-पाच घरची म्हातारी मंडळी, सारनाथ एक्सप्रेस, आणि वाराणसीत एक दिवस मोठ्या मोटारबोटीवर: सकाळी अस्सी घाटावरून निघायचं, सगळे घाट बघत खाली राजघाट, तिथून पुढे कैथीपर्यंत, जिथे गोमती गंगेला मिळते आणि मार्कंडेय महादेवाचं देऊळ आहे. जेवण बोटीवरच. गंगा विलास नव्हे, पण वर उघडी गच्ची, खाली खुर्च्या आणि मागे एक संडास. हा संडास एक होता ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. आम्हाला ती अकरा वाजता कळली.

बोटीवर चढताच नानांनी प्यायच्या पाण्याचे जार तपासले. सील, तारीख, आयएसआयची खूण. एका जारचं सील सैल निघालं, तो त्यांनी हात-पाय धुण्याकडे बदली केला. मग नळ सोडून पाहिला आणि मल्लाहाला विचारलं, "ये पानी कहां का है?" तो म्हणाला, "गंगाजी का." नानांनी खिशातून चिकटपट्टी आणि कागद काढून नळावर लावला: 'पीने के लिए नहीं'. मल्लाह बघतच राहिला. त्याच्या बोटीवर गंगाजीला पहिल्यांदाच कुणी पाटी लावली होती.

मग थंडाई आली. बनारसी थंडाई, वर पिस्ता, आत बर्फ. नानांनी ट्रे अडवला.

"बर्फ कोणत्या पाण्याचा?"

"बर्फ वाले का, साहब."

"मग नको."

बर्फही पाण्याचाच असतो आणि गोठून सगळे जंतू मरत नाहीत, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. बोलणं अगदी खरं होतं. रायपूरने काविळीच्या साथी पाहिल्या आहेत, नळाचा पाइप नालीतून गेला की काय होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी पण तो ट्रे परत जात असताना आमच्यातल्या तीन पुरुषांच्या डोळ्यांत जे आलं, ते शरीरातून वाया गेलेलं पाणीच होतं.

बोट चालू झाली आणि नानांची फेरी सुरू झाली. हातात स्टीलचा जग, खांद्याला पिशवी, पिशवीत ओआरएसच्या पुड्या. "वारा लागतो न, म्हणून घाम कळत नाही. घाम येतो, पण लगेच उडतो. वरून ऊन, खालून पाण्याची चकाकी. तहान लागायची वाट पाहू नका." हेही खरंच. उघड्या बोटीवर माणूस गारव्यात बसल्यासारखा खूश असतो आणि दुपारी त्याचं डोकं का दुखतं ते त्याला कळत नाही.

पण एका मावशींजवळ जाऊन नानांनी जरा मोठ्यानेच विचारलं, "रंग कसा आहे?"

मावशींनी हात पुढे केला. "अजून गेला नाही हो. नखांत बसलाय. पक्का रंग होता मेल्यांचा."

"होळीचा नाही," नाना म्हणाले. "लघवीचा."

बोटीवर इतकी शांतता पसरली की इंजिनाचा एकेक ठोका मोजता आला असता. नानांना त्यात काही वाटलं नाही. फिकट पिवळा असला तर उत्तम, गडद असला तर प्या, आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर रंगावर विश्वास ठेवू नका, एवढं सांगून ते पुढच्या खुर्चीकडे गेले.

पुढच्या खुर्चीत भाऊसाहेब होते. बँकेतून निवृत्त, हृदयाचं दुखणं, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी.

"मला दीड लिटर सांगितलंय," भाऊसाहेब म्हणाले.

"तासाला?"

"दिवसाला! त्याच्या वर थेंब नाही. चहा, वरण, ताक सगळं धरून."

नाना उभ्या जागी थिजले. जगात कमी पाणी पिण्याचा सल्ला देणारे डॉक्टर असतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. भाच्याने एकदा बॉस्टन मॅरेथॉनचं उदाहरण त्यांना दिलं होतं: २००२ च्या शर्यतीत तपासलेल्या धावपटूंपैकी शेकडा तेरा जणांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं आणि त्याचं मोठं कारण वाजवीपेक्षा जास्त पाणी पिणं हे होतं. तेव्हा नानांनी ते अमेरिकेचं म्हणून सोडून दिलं होतं. आता समोर आपला माणूस होता.

नानांनी एक मिनिट विचार केला. मग भाऊसाहेबांच्या हातातला ग्लास काढून घेतला, मार्कर पेनने एका बाटलीवर खुणा केल्या, त्यात मोजून पाणी भरलं आणि ती स्वतःच्या ताब्यात ठेवली. त्या क्षणापासून भाऊसाहेब बोटीवरचे सर्वात दुःखी प्रवासी झाले. बाकीच्यांवर पाणी प्या म्हणून पहारा होता, त्यांच्यावर पिऊ नका म्हणून. दुपारी जेवताना त्यांनी वरणाची दुसरी वाटी मागितली तर नानांनी लांबून बोटाने नाही म्हटलं.

भाऊसाहेबांची बाटली भरेपर्यंत बोट दशाश्वमेध, मणिकर्णिका ओलांडून भोसले घाटासमोर आली होती. नागपूरकर भोसल्यांचा घाट. आमच्या छत्तीसगडावर त्यांनीच राज्य केलं, तेव्हा आपल्याच घरच्या अंगणात आल्यासारखी सगळी मंडळी कठड्याला लागली. आणि तिथे आजी उठल्या. आजी सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी थैलीतून फिरकीचा तांब्या काढला, मल्लाहाकडून गंगेचं पाणी भरून घेतलं आणि उजव्या तळव्यावर घेऊन आचमन करायला निघाल्या.

"आजी!" नाना धावले. "थांबा! मोजू द्या आधी."

नानांकडे टीडीएसचं मीटर आहे. पेनासारखं, खिशाला लावायचं. त्यांनी ते तांब्यात बुडवलं. सगळी बोट वाकून बघू लागली. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असावेत, असं भारतीय मानक म्हणतं. आकडा त्याच्या बराच खाली आला. नानांच्या घरच्या बोअरपेक्षाही खाली.

"काय म्हणून राहिलं तुझं यंत्र?" आजींनी विचारलं.

नाना बोलेनात.

"चांगलं म्हणते न?"

"आजी, हे मीटर फक्त क्षार मोजतं. जंतू नाही मोजत."

"मग रायपुरात माझ्या माठात घालून एवढी ऐट काहून केली होतीस?"

यावर नानांकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर नाहीच. ते पेन पाण्यात काय विरघळलंय ते सांगतं. कोण पोहतंय ते सांगत नाही. देशभर कितीतरी घरांत लोक हेच पेन बुडवून पाणी पास करतात. त्यातून इतिहासाचे एक निवृत्त सर आजींच्या बाजूने उतरले. महंमद तुघलकासाठी गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेने दौलताबादला जात असे, असं इब्न बतूताने लिहून ठेवलंय. अकबर घरी असो की प्रवासात, गंगेचंच पाणी पीत असे. मोहोरबंद घागरी यायच्या, सोऱ्याने पाणी गार करायचे. आणि १८९६ साली हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं दाखवलं होतं. ही कामगिरी जंतूंना खाणाऱ्या विषाणूंची असावी, असं पुढे मानलं गेलं.

"तेव्हा वरच्या गावांची गटारं होती का नदीत?" नानांनी क्षीण आवाजात विचारलं. मुद्दा बिनतोड होता, पण तो ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. आजींनी तीन वेळा आचमन केलं, उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं आणि तांब्याची फिरकी घट्ट केली. आजींना काही झालं नाही. नाना दोन रात्री झोपले नाहीत.

आता तो संडास. माणसाचं मूत्रपिंड तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतं. नानांनी नऊपासून अकरापर्यंत सगळ्यांना पाजलं होतं. राजघाटाचा पूल जाताच मागे रांग लागली. काशीचे घाट संपले, रेतीचे पट्टे आले, बगळे आले, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते दृश्य एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, दाराच्या कडीकडे बघत पाहिलं. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ म्हणाले, "नाना, तुम्ही आम्हाला गंगा दाखवायला आणलं की भरायला?" नाना रांगेच्या कडेने जग घेऊन फिरत होते. "गेलेलं भरून काढा," ते म्हणत होते.

या सगळ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई कोपऱ्यात शांत बसून होत्या. नाना आले की त्या ग्लास घेत, आणि नाना गेले की ग्लास कठड्यावरून गंगार्पण. बोटीवरच्या संडासात जायचं नाही, असं त्यांनी घरूनच ठरवलं होतं. प्रवासात बायका किती वर्षांपासून हेच करत आल्या आहेत. कैथीला देवळाच्या पायऱ्या चढून-उतरून त्या बोटीवर आल्या आणि एकदम म्हणाल्या, "मला जरा फिरल्यासारखं होतंय." ओठ कोरडे, चेहरा उतरलेला.

इथे नाना एकही वाक्य न बोलता कामाला लागले. बाईंना सावलीत आडवं केलं, पाय उशीवर. साखर-मिठाचं पाणीही त्यांना येतं, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाटच, शिगोशीग नाही, म्हणून त्यांच्या खिशात स्वतःचा चमचा असतो. पण पुडी होती, तेव्हा ती मोजून एका लिटरमध्ये पूर्ण विरघळवली. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी टाकायचा उत्साह त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. मग चमच्या-चमच्याने, घोटा-घोटाने. अर्ध्या तासात बाई उठून बसल्या. काकूंनी त्यांना हाताला धरून मागे नेलं, बाहेर उभ्या राहिल्या आणि रांगेतल्या सगळ्या पुरुषांना वरच्या मजल्यावर पिटाळलं. असा बंदोबस्त सकाळी नऊ वाजताच करायला हवा होता, हे जग घेऊन फिरणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं. ते त्याच्या बायकोला सुचलं.

परतीच्या गाडीत नाना असह्य झाले. सतना येईपर्यंत त्यांनी तो प्रसंग डब्यातल्या अनोळखी लोकांनाही सांगून संपवला होता आणि टीडीएसचा प्रसंग पूर्ण गाळला होता. पण खरं सांगायचं तर त्यांच्यावर रागावताही येत नाही. वय झालं की गुडघे दुखून कळवतात, डोळे अंधुक होऊन कळवतात. तहान मात्र न सांगता कमी होते. शरीराला पाणी हवं असतं आणि माणसाला ते वाटतच नाही. जोडीला बीपीच्या गोळ्या, दूरचा संडास, कुणाला त्रास नको हा संकोच. तरुण, निरोगी माणसाने तहानेवर भरवसा ठेवावा, त्याला नानांची गरज नाही. साठीनंतर प्रत्येक टोळक्यात एक नाना हवेत, आणि प्रत्येक नानांच्या मागे एक काकू.

पुढची सहल ठरली आहे: राजमहेंद्रीला जायचं, तिथून गोदावरीवर पापिकोंडलूच्या डोंगरांमधून दिवसभराची बोट. तयारी नानांच्या घरी गुढियारीत चालते, मुतखड्यासमोर. परवा त्यांनी बोटवाल्याला फोन लावला, स्पीकर चालू. संडास किती, जार किती, बर्फ कुठला, जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर, ओआरएस बोटीवर असतं का, आडवं करायला जागा आहे का. बोटवाला बराच वेळ साहेब, साहेब करत उत्तरं देत राहिला. शेवटी त्याने काळजीने विचारलं, "सर, आप के ग्रुप में पेशंट कितने हैं?"

नानांनी खोलीभर बसलेल्या आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"सब हैं," ते म्हणाले. "बस, उनको मालूम नहीं."